छोट्या विमानाच्या इंजिनावरची वायरिंग: तार कुठे तुटते आणि ती तुटू नये म्हणून काय करायचं

इंजिनावरची तार विजेमुळे क्वचितच मरते. ती हालून, घासून आणि शिजून मरते. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन २,४०० आरपीएमवर चालतं तेव्हा दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे सेकंदाला ८० धक्के, तासाला २,८८,०००. एवढ्या धक्क्यांत जी तार नीट धरलेली नाही ती कुठेतरी वाकत राहणार, आणि तांबं वाकवत राहिलं की तुटतं. म्हणून इंजिनावरची वायरिंग आधी यांत्रिक काम आहे आणि नंतर विजेचं. सर्किट डायग्राम अचूक असूनही वायरिंग दोन वर्षांत खराब होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तुटण्याची जागाही ठरलेली असते. मऊ, लवचीक तार जिथे एकदम कडक होते तिथे ती तुटते: लगच्या, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्याच्या, तोंडाशी, कनेक्टरच्या मागे, सोल्डर जिथे संपतं त्या रेषेवर, घट्ट आवळलेल्या झिप टायच्या कडेला. २० गेजच्या विमानी तारेत (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा जितका लहान तितकी तार जाड) १९ बारीक तंतू असतात. ते एकदम तुटत नाहीत, एकेक करून तुटतात, आणि बाहेरचं आवरण जसंच्या तसं राहतं. इथे मल्टिमीटर फसवतो. एका सेंटिमीटरमधले १७ तंतू तुटून दोनच उरले, तरी तेवढ्या तुकड्याचा रोध साधारण ३ मिलिओहम होतो. साधा मीटर दशांश ओहमपर्यंतच विश्वासानं दाखवतो, म्हणजे त्याच्या लेखी तार ठणठणीत. मग एखाद्या उड्डाणात उरलेले दोन तंतूही जातात. म्हणून इथे मीटरपेक्षा बोटं आणि डोळे जास्त कामाचे.

सर्टिफाइड विमानावर यातलं कोणतंही काम परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली आणि सहीनंच व्हायला हवं, आणि इंजिन किंवा एअरफ्रेमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. खाली दिलेल्या अंतरांचे, क्लॅम्पचे आणि तारेच्या गेजचे बरेचसे आकडे अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेच्या अकराव्या प्रकरणातले आहेत. जगभर छोट्या विमानांवर काम करणाऱ्यांच्या हाताशी ती असतेच.

काउलिंग उघडल्यावर सर्वांत आधी

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं की मास्टर स्विच बंद करा, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. एवढं केल्यावर बरेच जण निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथेच आहे. मॅग्नेटोला, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. स्विच ‘ऑफ’ करतो तेव्हा आपण त्याची पी-लीड नावाची तार जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडत असतो. ती तार तुटली असेल किंवा कामासाठी काढली असेल, तर मॅग्नेटो जिवंत आहे. इम्पल्स कपलिंग (मॅग्नेटोला क्षणभर झटक्यानं फिरवणारी स्प्रिंगची जोडणी) असलेला मॅग्नेटो प्रोपेलर हातानं सावकाश फिरवला तरी ठिणगी देतो. तेव्हा पी-लीडला हात लावण्याआधी सगळ्या स्पार्क प्लगच्या लीड काढून बाजूला बांधा, इंधनाचा कॉक बंद करा, चाकांना अडसर लावा. चावी खिशात आहे म्हणून प्रोपेलर सुरक्षित झाला, असं होत नाही.

तार कोणती

इंजिनाच्या बाजूला पीव्हीसी आवरणाची तार नको. ती उष्णतेनं कडक होते, तडकते, आणि जळली तर दाट विषारी धूर सोडते. जुन्या विमानांत पीव्हीसीवर नायलॉनचा थर दिलेली, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारी तार सापडते. ती बोटानं वाकवल्यावर आवरणावर बारीक रेषा उमटल्या तर बदलायची वेळ झाली. आजची नेहमीची निवड म्हणजे टेफझेल आवरणाची एम२२७५९/१६. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, १५० अंश सेल्सिअस, ६०० व्होल्ट. गाड्यांच्या दुकानातली तार दिसायला तशीच असते, पण इथे ती वापरू नये.

जाडी ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, तारेला वाचवणारा ब्रेकर, म्हणजे प्रवाह जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच. ब्रेकर उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. २२ गेजला ५ अँपिअर, २० गेजला ७.५, १८ गेजला १०, १६ गेजला १५, १४ गेजला २०. यापेक्षा मोठा ब्रेकर लावला की शॉर्ट झाल्यावर आधी तार तापते आणि ब्रेकर पाहत बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्होल्टेजची घट. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी ०.५ व्होल्ट आणि थोडा वेळ चालणाऱ्यासाठी १ व्होल्ट एवढीच घट चालते. २८ व्होल्टला हेच आकडे १ आणि २. समजा काउलिंगमध्ये ५ अँपिअरचा दिवा आहे आणि तिथपर्यंत ३ मीटर तार जाते. २० गेज वापरली तर जवळजवळ ०.५ व्होल्ट तारेतच जातात, १८ गेज वापरली तर साधारण ०.३. ब्रेकरच्या हिशेबानं दोन्ही चालतात, पण १८ गेज घ्यावी. वजनात काही ग्रॅमचाच फरक पडतो. आणि १८ गेजची जाड तार इंजिनाच्या थरथरीत जास्त टिकते. इंजिनावर २२ गेज फक्त सेन्सरच्या सिग्नलसाठी, तीही जुडग्यात बांधून. एकटी २२ गेजची तार इंजिनावर सोडू नये.

लग कसा दाबायचा

सोल्डर की क्रिंप (लग तारेवर दाबून बसवणं), हा वाद इंजिनावर तरी होऊ नये. सोल्डर तारेत वर चढतं, तंतू एकमेकांना चिकटवून एक कडक सळई करतं, आणि सळई जिथे संपते तिथे तार तुटते. चांगला क्रिंप तंतूंना थंडपणे दाबून धरतो, आणि त्याचा दुसरा दाब आवरणावर बसतो. हा दुसरा दाबच खरा रक्षक आहे. तारेचं हालणं तांब्यापर्यंत पोचायच्या आत तो अडवतो. म्हणून लग असा घ्या की ज्याच्या प्लास्टिकखाली धातूची दुसरी नळी असते. पीआयडीजी या नावानं हे लग ओळखले जातात. लाल लग २२ ते १६ गेजसाठी, निळा १६ ते १४ साठी, पिवळा १२ ते १० साठी. गाड्यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त लगांवर नुसती पीव्हीसीची टोपी असते. आवरणाला ती काहीच आधार देत नाही आणि उष्णतेनं मऊ पडते.

१. आवरण सोलताना मापाचा स्ट्रिपर वापरा, ब्लेड नको. एकही तंतू कापला किंवा ओरखडला गेला तर टोक छाटून पुन्हा सोला. म्हणूनच प्रत्येक टोकाला दोन-तीन सेंटिमीटर जास्त तार ठेवायची.

२. सोललेली तार लगमध्ये घाला. तंतू नळीच्या पुढच्या तोंडातून साधारण १ मिलिमीटर बाहेर डोकावले पाहिजेत. त्याहून जास्त आले तर ते स्क्रूच्या वॉशरखाली सापडतात. कमी आले तर तार पूर्ण आत गेलीच नाही. आवरण लगच्या रुंद भागात शिरलं पाहिजे, पण तांब्याच्या नळीत नाही.

३. दाबायला रॅचेटचा क्रिंपरच हवा, म्हणजे पूर्ण दाब बसेपर्यंत न सुटणारा. पक्कडीनं दाबलेला लग बाहेरून बरा दिसतो आणि आतून ढिला असतो.

४. नव्या क्रिंपरनं किंवा नव्या लगांनी काम सुरू करण्याआधी दोन-तीन नमुने दाबून ओढून बघा. २० गेजच्या जोडाला १९ पौंड, म्हणजे साधारण ८.५ किलो, १८ गेजला ३८ पौंड, म्हणजे साधारण १७ किलो, आणि १६ गेजला ५० पौंड, म्हणजे साधारण २२.५ किलो एवढा ओढ सहन झालाच पाहिजे. वजनाच्या काट्याला हुक लावून हे सहज मोजता येतं. तार न तुटता नुसती निसटून बाहेर आली तर एकतर क्रिंपरचा खाचा चुकलाय किंवा लगचं माप.

५. विमानावर लावलेल्या प्रत्येक लगला हातानं एक दमदार हिसका द्या. एवढ्यात निघाला तर बरंच झालं.

लगचं भोक आणि स्टडचं माप एकच हवं. मोठ्या भोकाचा लग वॉशरच्या जोरावर बसवला की तो सरकतो, तापतो आणि काळा पडतो. एका स्टडवर चारपेक्षा जास्त लग नकोत. नट आवळल्यावर नट आणि स्टडवर टॉर्क-सील नावाच्या खुणेच्या रंगाची एक रेषा ओढून ठेवा. पुढच्या तपासणीत रेषा तुटलेली दिसली की नट फिरलाय हे क्षणात कळतं, पाना लावावाच लागत नाही.

तारेच्या मधोमध जोड टाळलेलाच बरा. टाळता आला नाही तर एका तुकड्यात एकच जोड, आणि तो टोकापासून ३० सेंटिमीटरच्या आत नको. जुडग्यातल्या अनेक तारांना जोड असतील तर ते एकाच ठिकाणी फुगवटा करणार नाहीत असे पुढेमागे ठेवा.

मार्ग: काम इथेच बनतं किंवा बिघडतं

इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं आणि विमानाच्या सांगाड्याच्या तुलनेत ते हलतं. सुरू होताना आणि बंद होताना तर ते चांगलंच डुलतं. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली आगरोधक भिंत, मात्र स्थिर असते. म्हणजे इंजिनावरून फायरवॉलवर जाणारी प्रत्येक तार एका हलत्या आणि एका स्थिर वस्तूला जोडलेली असते. ती ताणलेली असेल तर तुटेल. मोकळी लोंबत असेल तर घासेल किंवा एक्झॉस्टवर जाऊन टेकेल. उपाय असा: तार इंजिनावर शेवटच्या क्लॅम्पनं इंजिनालाच घट्ट धरायची, फायरवॉलवर पहिल्या क्लॅम्पनं फायरवॉललाच, आणि या दोन क्लॅम्पच्या मध्ये एक मोकळा बाक ठेवायचा. इंजिनाचं सगळं हालणं त्या बाकात जिरलं पाहिजे. लग किंवा कनेक्टरपर्यंत ते कधीच पोचता कामा नये. तपासायला सोपं आहे: एकानं प्रोपेलरच्या हबला धरून इंजिन वर-खाली आणि आडवं हलवायचं (प्लगच्या लीड काढलेल्या असतानाच), दुसऱ्यानं तारांकडे बघायचं. लगजवळची तार वाकताना दिसली की क्लॅम्पची जागा चुकली.

बाकी आकडे असे. दोन क्लॅम्पमधलं अंतर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि इंजिनावर याच्या निम्मंच बरं. दोन आधारांच्या मध्ये जुडगं बोटानं दाबलं तर साधारण १३ मिलिमीटरच खाली जावं. जुडग्यातल्या सर्वांत जाड तारेच्या व्यासाच्या १० पटीपेक्षा कमी त्रिज्येत जुडगं वळवू नये. आधार दिलेल्या टोकाशी ३ पटीपर्यंत चालतं. इंधन आणि तेलाच्या नळ्यांपासून १५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. जागाच नसेल तर जवळ नेता येते, पण तार आणि नळी दोन्ही घट्ट धरलेल्या हव्यात, मध्ये किमान १३ मिलिमीटर हवेत, आणि तार नळीच्या वर हवी. नळी गळली तर तेल किंवा पेट्रोल तारेवर पडू नये, हे त्यामागचं कारण. इंधनाच्या नळीला तार कधीच बांधायची नाही. थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) केबलपासून साडेसात सेंटिमीटर. कनेक्टरकडे वरून येणाऱ्या तारेला आधी खाली एक झोका द्यायचा आणि मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

क्लॅम्प म्हणजे गादी असलेला धातूचा ॲडेल क्लॅम्प. एक्झॉस्टच्या बाजूला सिलिकॉन गादीचा घ्यावा, कारण साधं रबर तिथे वर्षभरात ठिसूळ होतं. क्लॅम्प असा बसवा की स्क्रू ढिला झाला तरी जुडगं कशावर तरी टेकून राहील, खाली लोंबणार नाही. जुडगं क्लॅम्पमध्ये बोटानं फिरवता येत असेल तर क्लॅम्प एक माप मोठा आहे.

झिप टायबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते. इंजिन माउंटच्या पोलादी नळीला तारांचं जुडगं नायलॉनच्या झिप टायनं बांधणं दिसायला नीटनेटकं असतं. पण तो टाय किंचित हलतो, त्याच्याखाली धूळ जाऊन बसते, आणि कठीण नायलॉन व धूळ मिळून सॅंडपेपरसारखं काम करतात. आधी रंग जातो, मग गंज येतो, मग नळीवर चर पडतो. म्हणजे तार वाचवायला लावलेल्या टायनं इंजिन धरून ठेवणारी नळीच कापली. शिवाय उष्णतेनं नायलॉन ठिसूळ होऊन टाय गळून पडतो आणि त्यानं धरलेली तार एक्झॉस्टवर जाते. नळीवर ॲडेल क्लॅम्पची जोडी लावा, एक नळीभोवती, एक जुडग्याभोवती. जुडग्यातल्या तारा एकत्र धरायला मेण लावलेली पॉलिस्टरची लेसिंग दोरी वापरा. हातानं बांधायला वेळ लागतो, पण तिला टोकदार कडा नसते आणि काउलिंगमध्ये हात घालताना ती बोटं कापत नाही.

एक्झॉस्टच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची. आतून जाणारा वायू ७०० ते ८०० अंश सेल्सिअसचा असतो, आणि तारेचं आवरण १५० अंशांचं. १५ सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर मध्ये पत्र्याची ढाल लावा. तारेवर नुसतं फायर-स्लीव्ह, म्हणजे आगरोधक नळीसारखं आवरण, चढवून भागत नाही. स्लीव्ह आगीच्या ज्वालेपासून काही मिनिटं वाचवतं, पण तासन्‌तास लागणारी धग ते हळूहळू आत पोचवतं. इंजिन बंद झाल्यावरचा अर्धा तास विसरू नका. हवा थांबते, आतली सगळी उष्णता काउलिंगच्या वरच्या भागात साठते, आणि उड्डाणात ज्या तारा थंड असतात त्याच तेव्हा शिजतात.

फायरवॉलमधून तार नेताना उघड्या भोकाची कड तार कापते. तिथे आगीला टिकणारा धातूचा ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवा आणि उरलेली फट फायर सीलंटनं बंद हवी. साधा रबरी ग्रोमेट तारेला कापण्यापासून वाचवेल, पण आग लागल्यावर आधी तोच जळेल आणि केबिनमध्ये धूर जायला वाट करून देईल.

पाच जागा ज्या आधी दगा देतात

पी-लीड. ही तार दोन प्रकारे बिघडते आणि दोन्हींचा परिणाम उलट. मध्यातली तार तुटली तर मॅग्नेटो बंदच होत नाही. मध्यातली तार शील्डला, म्हणजे तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला, लागली तर मॅग्नेटो कायमचा बंद. दुसरा बिघाड पायलटला लगेच कळतो, पहिला कळत नाही, म्हणून पहिला जास्त वाईट. ही तार शील्डची हवी. मॅग्नेटोकडे शील्ड मॅग्नेटोच्या अंगाला जोडतात, स्विचकडे तेच शील्ड स्विचच्या ग्राउंड टर्मिनलला. स्विचजवळ सांगाड्याला वेगळं ग्राउंड दिलं तर रेडिओत खरखर येऊ शकते. तपासायची पद्धत: सगळ्या प्लगच्या लीड काढा, पी-लीड मॅग्नेटोपासून सोडवा, आणि तिची मधली तार व इंजिनाचा धातू यांच्यात मीटर लावा. स्विच ‘ऑफ’ असताना एक ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे, चालू केल्यावर अनंत. पी-लीड न सोडवता मोजलं तर मॅग्नेटोच्या प्रायमरी कॉइलचा एखादा ओहमच दिसत राहतो आणि काहीच कळत नाही. मीटर लावलेला असताना लगजवळची तार हळूच हलवा. आकडा उडाला तर तार आतून गेलीय. परत जोडताना एकही मोकळा तंतू शील्डला लागत नाही ना, ते टॉर्च लावून बघा.

उड्डाणाआधी मॅग्नेटो तपासताना आरपीएम जास्त पडला की सगळे सावध होतात. अजिबात पडला नाही तर मात्र लोक खूश होतात. खूश होऊ नये. एक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएम थोडा तरी पडायलाच हवा. पडला नाही तर तो बंदच झालेला नाही, म्हणजे पी-लीड तुटलीय. इंजिन बंद करण्याआधी आयडलवर, अगदी क्षणभर, स्विच ‘ऑफ’ करून बघावा. इंजिन मरू लागलं की लगेच ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटो चालू, आणायचा. जास्त आरपीएमवर हे करू नये. न जळलेलं इंधन मफलरमध्ये जातं आणि स्विच परत चालू होताच तिथे पेटतं.

अल्टरनेटर. जाड बी-लीड, म्हणजे अल्टरनेटरची वीज बाहेर नेणारी तार, तुटते ती लगच्या पट्टीवर, तार जिथे स्टडकडे वळते तिथे. तारेचं वजन लगवर येऊ देऊ नका. अल्टरनेटरच्याच अंगावर किंवा इंजिनाच्या ब्रॅकेटवर, लगपासून दहाएक सेंटिमीटरवर एक क्लॅम्प हवा. ब्रॅकेटला तडा गेला असेल तर अल्टरनेटर एकटाच थरथरतो आणि नवी तारही काही तासांत तुटते, म्हणून तार बदलण्याआधी ब्रॅकेट बघा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनंच आवळा. जास्त जोर लावला तर आतला इन्सुलेटर तडकतो. ६० अँपिअरच्या अल्टरनेटरला ६ गेजची तार. तिचा लिमिटर (मोठा फ्यूज) बसबारच्या, म्हणजे सगळ्या सर्किटना वीज वाटणाऱ्या पट्टीच्या, टोकाला असावा, अल्टरनेटरच्या नाही: तार मध्येच शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतणारी बॅटरी असते, अल्टरनेटर स्वतःच्या क्षमतेपेक्षा फार जास्त देऊच शकत नाही. आणि अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाला वीज देणारी बारीक फील्ड वायर विसरू नका. ती नुसत्या स्पेड टर्मिनलवर अडकवलेली असेल तर निसटते, आणि पायलटला अल्टरनेटरच बंद पडल्यासारखं वाटतं.

ग्राउंड स्ट्रॅप. रबरी माउंट इंजिनाला सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीनं वेगळं करतात, म्हणून तांब्याची विणलेली पट्टी लागते. ती सैल किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा शे-दोनशे अँपिअर प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे थ्रॉटलची किंवा मिक्श्चरची केबल. केबलच्या आत ठिणग्या पडतात, ती जड चालू लागते आणि कधी जागीच चिकटते. थ्रॉटल अचानक घट्ट झाला तर तेल घालण्याआधी ग्राउंड स्ट्रॅप तपासा. दुसरं लक्षण म्हणजे दिवा लावला की तेलाच्या तापमानाचा काटा हलणं. कारण बऱ्याच सेन्सरचा परतीचा मार्ग इंजिनाच्या धातूतूनच असतो. स्ट्रॅपच्या दोन्ही टोकांखालचा रंग आणि प्रायमर खरवडून चकचकीत धातू उघडा करा, आवळा, मग वरून गंजरोधक लावा. दोन स्ट्रॅप दोन वेगळ्या जागी लावणं हा स्वस्तातला विमा आहे. मोजायचं असेल तर प्लगच्या लीड काढलेल्या, इंधन बंद आणि प्रोपेलरजवळ कोणी नसताना स्टार्टर फिरवा, आणि बॅटरीचं निगेटिव्ह व इंजिनाचं क्रँककेस यांच्यातलं व्होल्टेज बघा. मीटरच्या लांब तारा आधीच जोडून केबिनमध्ये घ्या. ०.२ ते ०.३ व्होल्ट ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड उघडून साफ करायचे.

तापमानाचे सेन्सर. सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टचे प्रोब थर्मोकपल असतात, जे-प्रकारचे किंवा के-प्रकारचे. यांच्या तारा तांब्याच्या नसतात, आणि त्या धातूंची जोडीच तापमान सांगते. मध्ये तांब्याचा तुकडा जोडला तर जोडाजवळचं तापमान वाचनात मिसळतं. लांबवायचंच असेल तर त्याच धातूंची तार आणि त्याच प्रकारचं कनेक्टर हवं. अमेरिकी रंगपद्धतीत लाल तार निगेटिव्ह असते, हे विजेची साधी कामं करणाऱ्याला उलट वाटतं, आणि मग जोडणी उलटी होते. इंजिन तापताना काटा खाली जाऊ लागला तर हेच झालंय. प्रोबमधून बाहेर पडणारी तार धातूच्या नळीपाशीच तुटते. तिला एक छोटा बाक देऊन लगेच पहिला आधार द्या.

स्पार्क प्लगच्या लीड. लीडचा नट उघडताना किंवा आवळताना एका हातानं लीडचं अंग धरून ठेवायचं, नाहीतर नटाबरोबर सगळी लीड पिळवटते आणि आतलं शील्ड तुटतं. ५/८-२४ आट्याच्या नटाला ९० ते ९५ इंच-पौंड, ३/४-२० ला ११० ते १२० इंच-पौंड. आतल्या स्प्रिंगला आणि पांढऱ्या इन्सुलेटरला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामाचा डाग विजेला वाट देतो.

रोटॅक्स ९१२ मालिकेचं इंजिन असेल तर आणखी दोन गोष्टी. इग्निशन मॉड्यूल आणि रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) या दोघांनाही ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांच्यावर थंड हवा हवी. रेग्युलेटरच्या स्पेड टर्मिनलमधला एखादा सैल झाला की तो तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी होतं. तपकिरी रंग दिसला तर नुसतं घट्ट करून भागत नाही, टर्मिनल आणि तारेचं टोक दोन्ही नवे घ्या. रेग्युलेटरला २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो मोठा आणि जड असतो, आणि स्वतःच्या पायांवर उभा ठेवला तर थरथरीनं पाय तुटतात. त्याच्या अंगाला क्लॅम्प हवा.

तपासणी कशी करायची

दर ५० तासांनी तेल बदलायला काउलिंग निघतंच, तेव्हा वायरिंगला पंधरा मिनिटं द्या. उजेड तिरपा पाडा, छोटा आरसा घ्या, आणि एका तारेवर लक्ष ठेवून लगपासून फायरवॉलपर्यंत जा. सगळीकडे एकदम बघितलं की काहीच दिसत नाही. प्रत्येक लग दोन बोटांत धरून तार हळूच वाकवा. चांगली तार सगळीकडे सारखीच वाकते. तंतू तुटलेली तार एकाच ठिकाणी मोडल्यासारखी वाकते, जणू आत नुसतं आवरणच उरलंय. हा फरक एकदा हाताला कळला की मग विसरत नाही. शंका आली तर तो लग छाटून नवा लावा.

१०० तासांच्या किंवा वार्षिक तपासणीला याशिवाय क्लॅम्पच्या गाद्या उघडून बघा, पी-लीडची मीटरनं चाचणी करा, बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतचे सगळे जाड जोड उघडून साफ करा. कनेक्टर विनाकारण उघडत बसू नका. दर वेळी उघडल्यानं पिनांची पकड कमी होते.

अधूनमधून येणारा बिघाड शोधताना उपकरण बदलण्याआधी तार हलवून बघा. सर्किट चालू ठेवून (इंजिन बंद, मॅग्नेटो बंद) जुडगं हातभर हातभर करून हलवत जा, आणि दुसऱ्यानं पॅनलवर नजर ठेवायची. ज्या टप्प्यात काटा उडाला त्याच टप्प्यात शोधा. चालू इंजिनाच्या काउलिंगमध्ये मात्र हात घालायचा नाही, कारण काहीही असो.

इंजिन धुताना मॅग्नेटो, अल्टरनेटर आणि उघडे कनेक्टर प्लास्टिकनं झाका. दाबाचं पाणी आणि सॉल्व्हंट आवरणातून नाही, सीलमधून आत जातं. धुऊन झाल्यावर झाकलेलं सगळं काढलं का ते मोजून बघा.

नवी वायरिंग केली असेल तर पहिल्या १० तासांनी काउलिंग पुन्हा उघडा. या काळात क्लॅम्पच्या गाद्या दबतात, लग बसतात आणि जिथे अंतर चुकलं असेल तिथे घासायला सुरुवात होते. घासलेल्या जागी आवरण फाटायच्या बरंच आधी काळसर, पिठासारखी पावडर जमते. पांढऱ्या कापडानं जुडग्याची खालची बाजू पुसत जा. कापड जिथे काळं झालं, तिथला क्लॅम्प दोन सेंटिमीटर सरकवा.